वरकसावरचं गवत मोजताना

ऑक्टोबर २०२२ मधल्या एका रविवारी रात्री मी आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मायक्रोवेव्हमध्ये गवत वाळवत होते. शंभर ग्रॅम ओलं गवत कात्रीने बारीक कापून काचेच्या ताटलीत पसरलं, बाजूला पाण्याचा पेला ठेवला (तो नसेल तर शेवटी शेवटी गवत पेटू शकतं), दोन मिनिटं लावलं, बाहेर काढलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, परत एक मिनिट, परत काटा, असं वजन उतरायचं थांबेपर्यंत चाललेलं. शेवटचा आकडा आला पंचेचाळीस ग्रॅम. घरभर वास सुटला होता. आई टीव्ही सोडून आत आली आणि म्हणाली, "खळ्यावर आल्यासारखं वाटतंय गं," आणि मग स्टूल ओढून तिथेच बसली.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, समोर माळशेजचा डोंगर. तिथे काकाकडे दोन एकर भात आणि आठ एकर वरकस. ज्यांना वरकस माहीत नाही त्यांच्यासाठी, भातखाचरांच्या वरची उताराची मुरमाड जमीन. आजोबा तिथे नाचणी-वरी करायचे, नंतर ती गवतावरच राहिली. बाबा सांगायचे की तेव्हा गवत कापून वखारीला द्यायचे, तिथे दाबून गाठी बांधायचे आणि त्या मुंबईच्या तबेल्यांना जायच्या, दिवाळीचा खर्च त्या गवतावर निघायचा. माझ्या आठवणीत मात्र ते रान म्हणजे फक्त गुरं सोडायची जागा.

मी आयटीत नाही की शेतीतही नाही, वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्स बघते. गुरांच्या या भानगडीत पडले ते मे २०२२ मध्ये गावी गेले तेव्हा. आमची बाळी नावाची डांगी गाय, पांढऱ्यावर काळे ठिपके, ती गोठ्यात बसलेली होती आणि तिला उठवायला काका आणि शेजारचा मुलगा दोघांनी शेपटीला आणि शिंगांना धरून जोर लावला तेव्हा ती उठली. आजारी नव्हती, उपाशी होती. डांगी म्हणजे आमच्या पट्ट्यातलं, इगतपुरी-अकोले-शहापूरच्या पावसातलं जनावर, कातडीतून तेलकट स्राव येतो म्हणून कितीही पावसात उभं राहतं, दगडात चालतं, काळे टणक खूर. असलं काटक जनावर जर मे महिन्यात उठू शकत नसेल तर काहीतरी आपलंच चुकतंय ना. काकाचं म्हणणं असं की दरवर्षीचंच आहे, शिमग्यापासून गुरांची हाडं दिसायला लागतात, मिरग लागला की भरून येतात. "आपल्याकडं पाऊस काय कमी आहे का," असं तो म्हणाला, आणि हे मला फार दिवस छळत राहिलं. खरंच, आमच्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि तरी गाय उठत नाही.

मग वाचायला लागले, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, झाशीला १९६२ पासून गवत-चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे तिथली माहिती, जे मिळेल ते. आणि एक सोपी पद्धत सापडली. पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट करायची, रानात डोळे मिटून फेकायची, पडेल तिथलं आतलं गवत चार बोटं ठेवून विळ्याने कापायचं, वजन करायचं. वीस ठिकाणी. डोळे मिटून का, तर नाहीतर हात आपोआप चांगल्या गवताकडे जातो, माझा पहिल्या तीन वेळा गेलाच. त्यातलं थोडं घरी आणून वाळवायचं, कारण ओल्या गवतात निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि पोटात मोजायचं ते कोरडं.

आकडे असे आले. एका चौकटीत सरासरी चारशे दहा ग्रॅम ओलं, म्हणजे साधारण एकशे पंच्याऐंशी ग्रॅम कोरडं. एकराला साडेसातशे किलो धरलं तर आठ एकरात सहा हजार किलो. सगळं काही कापायचं नाही, जमीन झाकलेली राहायला एक तृतीयांश तरी सोडायचं, म्हणजे हातात चार हजार. भाताचा पेंढा अडीच हजार. एकूण साडेसहा हजार किलो. आता खाणारी तोंडं. जनावर रोज आपल्या वजनाच्या अडीच-तीन टक्के कोरडा चारा खातं. आमचे दोन बैल, चार गाई, तीन कालवडी-वासरं मिळून रोज पन्नास किलो. साडेसहा हजार भागिले पन्नास, एकशे तीस दिवस. ऑक्टोबरच्या मध्यापासून मोजले तर फेब्रुवारी संपायच्या आधी गंजी खलास.

मी कागद काकासमोर ठेवला तेव्हा त्याने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे शिमगाच की." तो जे चाळीस वर्षं डोळ्याने बघत होता तेच कागदावर उतरलं होतं. आणि मग काकी बोलली ते जास्त महत्त्वाचं, की मार्चपासून जूनपर्यंत गुरं जगतात ती गायरानावर आणि जंगलाच्या कडेला, म्हणजे आपल्या नऊ जनावरांतली निम्मी आपण कधी पोसलीच नाहीत, डोंगराने पोसली. आणि गावातल्या प्रत्येक घराचं तसंच. गायरान का उघडं पडलं, तिथे टाकळ्याशिवाय काही का उगवत नाही, याचं उत्तर तिथे त्या ओटीवर मिळालं.

तीन जनावरं कमी करायची हे कागदावर सोपं होतं. बैलजोडी शहापूरकडच्या एका भातवाल्याला दिली, त्याला डांगी जोडीच हवी होती. आम्ही नांगरणी पॉवर टिलरने करतो तरी बैल होते, कारण ते होते. एक कालवड काकीच्या भावाकडे गेली. बैल टेम्पोत चढताना काका घराच्या मागे जाऊन उभा होता. त्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात आठ एकराचे पाच तुकडे केले. आधी दगडांच्या रांगा लावल्या, मग झटका मशीन घेतलं, म्हणजे कुंपणाच्या तारेला हात लागला की विजेचा हलका झटका देणारं, सोलरवालं, दोन तारा पुरतात. विचार असा की गुरं एका तुकड्यात चरली की बाकीचे चार विश्रांती घेतात. गवताचं असं आहे की वाढीच्या दिवसांत त्याचा अर्ध्यापेक्षा जास्त पाला खाल्ला गेला की मुळांची वाढ थांबते, ते मुळातला साठा काढून पाला करतं आणि तो पाला कोवळा गोड म्हणून गुरं आधी तोच खातात. मोकळ्या रानात चांगलं गवत दहा-दहा दिवसांनी परत परत खाल्लं जातं आणि मरतं, आणि कुसळीसारखं जे खाल्लं जात नाही ते बी टाकून पसरतं. म्हणून गुरं गवत गुडघ्याला लागल्यावर आत घालायची आणि घोट्याच्या वर एक मूठ उरलं की बाहेर काढायची. आणि मी त्याला जोडून एक वेळापत्रक केलं, एक्सेलमध्ये, प्रत्येक तुकड्याला सहा दिवस चराई आणि चोवीस दिवस विश्रांती, रंग भरून, आणि प्रिंट काढून गोठ्याच्या भिंतीला चिकटवलं.

चूक तिथे झाली.

त्या वर्षी पाऊसच असा की. वादळामुळे मान्सून लांबला, मुंबईत २५ जूनला आला, त्याच दिवशी दिल्लीतही पोचला, असं १९६१ नंतर पहिल्यांदाच झालं. मग जुलैमध्ये कोसळला. आणि ऑगस्टमध्ये गायब. देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. कोकणात लोकांना वाटतं आमच्याकडे दुष्काळ नसतो, पण मुरमाड उतारावर पंधरा दिवस ऊन पडलं की माती तडकते, गवताची टोकं लाल होतात, वाढ जागच्या जागी थांबते. तिसऱ्या तुकड्यात गवत जेमतेम वितभर होतं. काकाचा फोन आला, "अगं रान भरलं नाही, घालू का नको?" मी ऑफिसमध्ये होते, मार्च-एंडसारखी धावपळ नव्हती पण मीटिंग होती, आणि मी म्हणाले की चोवीस दिवस झालेत ना, घाल. त्याने घातली. सहा दिवसांत त्यांनी तो तुकडा जमिनीला लावला. मग चौथा, तोही तसाच.

सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, पण तिसऱ्या तुकड्यात गवत उभं राहिलंच नाही. पुढच्या जूनला तिथे काय आलं तर टाकळा. अख्खा पाऊण एकर टाकळा आणि मध्येमध्ये रानतुळस, दोन्हींना गुरं तोंड लावत नाहीत. माणसं कोवळा टाकळा भाजीला खुडतात, काकीनेही खुडला, आणि मला डब्यात भरून दिला. मी तो ठाण्याला आणून शिजवला आणि खाताना सारखा तो फोन आठवत होता. चूक काकाची नव्हती, त्याने विचारलं होतं. त्याचे डोळे रानावर होते आणि माझे तारखेवर.

तेव्हापासून भिंतीवरचा कागद गेला. आता नियम एवढाच की गवत गुडघ्याला लागलं का. जुलैत ते अठरा दिवसांत लागतं, उघडीप पडली तर चाळीस दिवसांतही लागत नाही, आणि नाही लागलं तर गुरं गोठ्यात, पेंढा घाला, बांधावरचं कापून आणा, विहिरीकाठचं नेपियर गवत द्या. आम्ही राहुरीच्या विद्यापीठाचं फुले जयवंत जातीचं नेपियर दोन गुंठ्यांत लावलंय ते याचसाठी, रोजच्या चाऱ्यासाठी नाही, अशा अडलेल्या पंधरा दिवसांसाठी. पावसाळ्यातही पेंढ्याची एक छोटी गंजी झाकून ठेवायची हे काकाला सुरुवातीला पटत नव्हतं, आषाढात कोण पेंढा राखतं, पण आता तोच राखतो.

उलटंही खरं आहे, फार पडला तरी त्रास. मुसळधार लागला की उतारावर गुरं घालायचीच नाहीत, खूर रुततात, गवताच्या ठोंबासकट माती निसटते आणि ती खाली खाचरात जाऊन बसते. खालचा दलदलीचा कोपरा तर कायमचा बंद केला, तिथल्या गोगलगायींमधून यकृतातल्या चपट्या कृमी होतात आणि जनावर खात असूनही खंगत जातं. घटसर्प-फऱ्याच्या लसी मे महिन्यातच उरकायच्या.

टाकळ्याच्या तुकड्याचं काय केलं ते सांगते. फुलं यायच्या आत उपटला, बी धरू दिलं नाही. जुलै २०२४ मध्ये मारवेल या चाऱ्याच्या गवताची ठोंबं लावली, फूट-दीड फुटावर, काकी, मी आणि वाडीतल्या दोन बायका, दोन दिवस पावसात इरलं घेऊन. मध्ये स्टायलो पेरलं, ते शेंगवर्गी, म्हणजे हवेतला नत्र धरतं आणि चाऱ्यात प्रथिनं वाढवतं. स्टायलो आधीच्या वर्षीही पेरलं होतं पण एक दाणा उगवला नव्हता, मी दुकानदाराला मनात खूप बोलले, मग कळलं की त्या बियाचं कवच टणक असतं, पेरायच्या आधी उकळी यायच्या बेतातल्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं धरून काढायचं असतं. यावेळी तसं केलं आणि आलं. तो तुकडा वर्षभर बंद ठेवला, एकही जनावर घातलं नाही.

दुसऱ्यांच्या गुरांचा प्रश्न मोठा होता. भात निघाला की आमच्याकडे सगळ्यांची गुरं सगळ्यांच्या रानात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तार लावली म्हणून कुजबुज झाली, एकदा तार कापलेलीही मिळाली. मी रागावून पोलीसपाटलांकडे जा म्हणत होते. काका तसं काही न करता संध्याकाळी घरोघर गेला आणि सांगितलं की माझ्या रानात गुरं घालू नका, त्याऐवजी दोन तुकड्यांचं गवत अर्धेलीने कापा, निम्मं तुमचं. तीन घरं तयार झाली. आता त्यांचा विळा आमच्या रानात चालतो म्हणून राखणही तेच करतात. फेब्रुवारीत डोंगराला वणवा लागला तेव्हा आमच्या कडेची दहा फुटी जाळरेषा (आग आत येऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा) साफ करायला हीच तीन घरं आली होती. हिवरे बाजारची चराईबंदी सगळ्यांना माहीत असते, तिथेही बंदी म्हणजे गवत नाही असं नव्हतं, गुरं न सोडता कापून न्या असं होतं. ते मी वाचलं होतं पण गावात कसं बोलायचं हे काकाला येत होतं.

ऑक्टोबर २०२४ ला परत चौकट फेकली. मायक्रोवेव्हच्या शेजारी आई पेला घेऊन आधीच उभी होती. सरासरी दोनशे चाळीस ग्रॅम कोरडं. अर्धेलीत गेलेलं गवत ती तीन घरं आम्हाला पेंढ्याच्या रूपात भरून देणार होती, म्हणून हिशोबात आठ एकर धरले, पेंढा धरला, सहा जनावरांना रोज पस्तीस किलो, आले दोनशे वीस दिवस. म्हणजे २३ मे. काका म्हणाला, मिरगाला पंधरा दिवस कमी पडतील, नेपियर आहे. आणि २०२५ ला पाऊस रोहिणीतच आला, २६ मेला मुंबईत मान्सून जाहीर झाला, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधीच आला नव्हता.

सगळ्या गावाने दुसऱ्याच आठवड्यात गुरं सोडली. हिरवं दिसत होतं ना. बाळी दाव्याला ओढ घेत होती, हंबरत होती, आणि आमच्याकडे गंजी संपलेली. ते तीन आठवडे फार अवघड गेले. कोवळं गवत म्हणजे निव्वळ पाणी, पोट भरतं पण अंगाला लागत नाही, शेण पातळ होतं, आणि त्या वयात चरलं तर रान वर्षभरासाठी बसतं. काकाने वाडीतून दोन गाड्या पेंढा उधार घेतला, भातावर फेडायच्या बोलीने. १६ जूनला त्याने मला रानातून फोटो पाठवला, गवतात उभा राहून स्वतःच्या गुडघ्याचा, बाकी एक अक्षर नाही. त्या दिवशी गुरं सोडली.

आणि मग शेवट. कोकणात गवत कापायचं ते कधी, हा खरा पेच आहे. सप्टेंबरअखेर फुलोऱ्यात असताना कापलं तर त्यात जीव असतो, पण तेव्हा वाळवणार कुठे, हस्ताचा पाऊस चालूच असतो. दिवाळीनंतर कापलं तर कडकडीत वाळतं पण तोवर बी झडून नुसती काडी राहते. गुरांच्या पोटातल्या जिवाणूंना चाऱ्यात सात टक्क्यांच्या आसपास तरी प्रथिनं लागतात, वाळक्या काडीत त्याच्या निम्मीही नसतात, म्हणून गंजी भरलेली असूनही जनावर सुकतं. तो भाग आम्ही युरियाने थोडा सावरतो, शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, प्लास्टिकखाली एकवीस दिवस दाबून ठेवायचा, उघडल्यावर वास जाईपर्यंत पसरायचा आणि मगच घालायचा. माप चुकवायचं नाही, युरिया जास्त झाला तर विष आहे.

२०२५ ला ठरवलं की एकदम कापायचंच नाही, तीन खेपा करायच्या, काही ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही मध्यावर, काही नोव्हेंबरात. पहिली खेप उन्हात चांगली वाळली. दुसरी कापून आडवी पडलेली असताना ऑक्टोबरअखेरचा तो पाऊस आला, ज्याने सगळ्या कोकणात कापलेला भात भिजला. मी शनिवारी पोचले तेव्हा काका आणि काकी ओले भारे उलटून बांधावर उभे करत होते. आतून गरम लागत होते, काही काळे पडलेले, बुरशीचा आंबूस वास. काळं झालेलं गुरांना घालायचं नाही हे काकाला सांगावं लागलं नाही, त्याने ते वेगळं काढून राबाच्या जागेवर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी भाजतात त्या जमिनीवर, पसरलं. दोन तुकड्यांतलं निम्मं गेलं. पहिली खेप माळ्यावर होती आणि तिसरी अजून उभी होती, म्हणून बाकीचं राहिलं.

नोव्हेंबरात भाताच्या नुकसानीचे पंचनामे चालू होते, गवताचा पंचनामा कोणी करत नाही. आम्ही आमचा केला. काका चौकट घेऊन पुढे गेला, यावेळी फेकत तोच होता, मी वजन लिहीत होते. तिसऱ्या तुकड्यात चौकट पडली तिथे तो खाली बसला आणि बराच वेळ उठेना. मी जवळ गेले तर त्याने एक काडी माझ्यासमोर धरली. पेरावर पांढऱ्या केसांचं बारीक कडं होतं, कापसाच्या धाग्यासारखं. मारवेल. ठोंबं लावली होती त्या ओळीतलं नाही, दोन ओळींच्या मधलं, स्वतः बी पडून आलेलं. "हे आपण नाही लावलेलं," काका म्हणाला, आणि त्या चौकटीतलं गवत त्याने कापलं नाही, चौकट उचलून दुसरीकडे फेकली.

हिशोब १६० दिवसांचा निघाला. रात्री ओटीवर बसून एक गाय आणि एक कालवड एप्रिलपर्यंत काकीच्या भावाकडे ठेवायची असं ठरलं, त्याच्याकडे यंदा पेंढा आहे. बाळी गाभण आहे, ती राहील.